सप्टेंबरात खाल्लेली टर्की

...नाही हो, कोट आहे की, हा काय मांडीवर, पण घालायचा नाहीये मला, जानेवारी असला म्हणून काय झालं, मी असाच शर्टावर बरा आहे! तुम्ही बसा निवांत, तुमच्या बसला अजून बारा मिनिटं आहेत, एकतीस वर्षं ह्याच हडर्सफील्डात बस चालवलीये मी, वेळापत्रक मला नका सांगू... आणि तक्रार नाही हं माझी, पण त्या गॅस-विजेच्या कंपनीने माझ्या संसाराचा जो खेळखंडोबा केला ना, तो ऐकाच.

आता बघा. दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या बँकेतून एकशे अठरा पौंड जायचे. आपोआप. डायरेक्ट डेबिट, तुमचंही जात असेल. मागच्याच्या मागच्या वर्षी जूनमध्ये मी हीटिंग बंद ठेवलं, चहाचं पाणी कप मोजून तापवलं, तरी गेले एकशे अठरा. जुलैत नोरीन, म्हणजे आमची बायको, वेकफील्डला बहिणीकडे जाऊन राहिली, मी घरात एकटा, दिवा न लावता चाचपडत मोजे शोधले, दोन्ही पायांत वेगवेगळे निघाले, आणि गेले किती? एकशे अठरा! अरे, मग माणसाने काटकसर करायची कुणासाठी?

तर सप्टेंबरात शेजारच्या अर्नशॉने मला फोनवर आमचं खातं उघडून दाखवलं. हिरवीगार अक्षरं: शिल्लक तीनशे पासष्ट पौंड. तुम्हाला सांगतो, मला भरून आलं. नोरीनला म्हटलं, चाळीस वर्षं मला चिकट म्हणतेस, हे बघ त्या चिकटपणाचं फळ. पैसे परत मागितले, आठवड्यात आले, आणि गेलो फायलीला समुद्रावर, सात दिवस कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊन! रोज मासे नि चिप्स, वर आइस्क्रीम. नोरीनच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी बजावलेलं की हिवाळ्यात हिला गारठा लागू द्यायचा नाही, पण तेव्हा कसला गारठा, बाकावर बसून ती माझ्याकडे बघून हसत होती. लग्नानंतर एवढी कधी हसली नव्हती. मी कॉलर ताठ करून हिंडत होतो.

गेल्या फेब्रुवारीत पत्र आलं. तुमच्याकडे दोनशे साठ पौंड थकलेत आणि पुढच्या महिन्यापासून एकशे एकाहत्तर कापणार! तक्रार नाही हं माझी, पण चाळीस मिनिटं फोन कानाला लावून मी तेच ते व्हायोलिन ऐकलं. मग टॅमसिन नावाची एक पोरगी आली, आवाज असा की आपल्यालाच ताप आलाय नि ती कपाळावर पट्टी ठेवतेय.

"मिस्टर सग्डेन, उन्हाळ्यात तुम्ही वापरता पंचेचाळीसचं आणि भरता एकशे अठरा. वरचे पैसे हिवाळ्यासाठी साठतात. ते तुम्ही काढून घेतलेत."

मी म्हटलं, मग तेव्हा का नाही बोललात? तर म्हणे, खात्री आहे का असं आम्ही विचारलं होतं, तुम्ही 'हो' वर बोट दाबलंत. आता हे काय विचारणं झालं? मी यॉर्कशरचा, म्हणजे जात्याच चिकट माणूस, पैसे परत मिळत असताना मला खात्री नसेल तर कुणाला असेल?

मग मी काय केलं... सांगू का नको... हीटिंगचं भिंतीवरचं बटण पंधरा डिग्रीवर आणलं. दोनशे साठ भरून काढायचे होते ना! नोरीन कोट घालून अंडी तळायची, हातमोजे घालून पेपर वाचायची, पान उलटलं की दोन-दोन उलटायची. चौथ्या दिवशी जिना चढताना खुबा धरून मध्येच थांबली. तिथूनच म्हणाली, "क्लिफर्ड, तुझी आई खाटकाकडे दर आठवड्याला ख्रिसमसच्या टर्कीचे पैसे ठेवायची, आठवतंय?"

म्हटलं, आठवतंय की, दोन शिलिंग.

"ती टर्की तू सप्टेंबरात खाल्लीस. आणि आता मला उपाशी ठेवतोयस."

एवढं बोलून वर गेली, बॅग भरली आणि वेकफील्डला बेरिलकडे, बहिणीकडे! अकरा दिवस, तुम्हाला सांगतो, अकरा दिवस मी त्या घरात एकटा. गारठा मला चालतो, पण समोरची खुर्ची रिकामी असली की माणूस बोलणार कुणाशी, भिंतीशी? फार वाईट गेले हो ते दिवस, टर्कीचं कोडं तर पहिल्याच दिवशी सुटलं, पण कबूल करायला अकरा लागले. बाराव्या दिवशी गेलो वेकफील्डला. बेरिलने चहा विचारला नाही! आमच्याकडे घराला आग लागली तरी आधी चहा विचारतात, तिथे ही दारातच उभी. नोरीन काठी टेकत पुढे आली.

"बावीस डिग्री. आणि बटण भिंतीवर नाही, माझ्या फोनवर. आणि उन्हाळ्यातल्या पैशांना हात लावायचा नाही."

हो म्हटलं. तिने तीनदा म्हणायला लावलं, बेरिलला साक्षीला ठेवून. खुबा आता ठणठणीत आहे, काठी सुटली, जिना माझ्याआधी चढते. ह्या गेल्या सप्टेंबरात खात्यात पुन्हा हिरवी अक्षरं आली, तीनशे सत्तर पौंड. बघितली. नुसती बघितली आणि फोन ठेवून दिला.

ही आली बघा तुमची बस, एक मिनिट उशिरा, आमच्या वेळी असं नव्हतं... मी? छे हो, मला कुठे जायचंय? घरी बावीस डिग्री आहे, खिडकी उघडायची सोय नाही, आणि नोरीन मजेत गुणगुणत लोकरीचा स्वेटर विणतेय, जाडजूड, उंच गळ्याचा. माझ्यासाठी. आज घालून बघायचाय. तक्रार नाही हं माझी... तुम्ही व्हा पुढे, मी जरा गार होऊन जातो.