कार्योत्तर मंजुरीचं पिस्तूल

विषय: बत्तीस बोअरचं जुनं पिस्तूल तिसऱ्या गोळीला अडकणे. संदर्भ: बन्सीचं सलग तीन वर्षांचं हसणं.

आता या बन्सीचं काय सांगावं तुम्हाला, फौजदारकीतून निवृत्त झाला, कर्जतला गुमान शेती बघावी की नाही, पण दर प्रजासत्ताक दिनाला नगरच्या रायफल क्लबात निवृत्तांच्या नेमबाजीला हा हजर! आणि आमचे सावेडीचे रामहरी, कलेक्टर कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेतले निवृत्त अव्वल कारकून, दोन गोळ्या अशा घालायचे की पंच माना डोलवायचे, आणि तिसऱ्याला... खट्. अडकलं. की मागून बन्सी, "रामहरी, फाईल अडकली बघा तुमची."

यंदा रामहरींनी ठरवलं, पहिल्या नंबरची ढाल आपल्या शोकेसमध्येच येणार. पिस्तूल वडिलांचं, विलायती, वारसानं परवान्यावर चढलेलं, त्यात दोष कसा असेल? दोष देखभालीत. आणि देखभाल, तुम्हाला सांगतो, हा माणूस वीस वर्षं खोबरेल तेलानं करत होता! घाण्यावरच्या. जानेवारीत बायको चांगुणाबाई तेलाची बाटली रोज उन्हात ठेवतात, हे समोर दिसत होतं, पण दिसलं म्हणून नोंद घेतली असं थोडंच असतं?

हनुमंत म्हणून परवानाधारक दुरुस्तीवाला आहे. त्यानं पिस्तूल उघडलं, आतला थिजलेला थर काडीनं खरवडून कागदावर काढला आणि विचारलं, "साहेब, ह्याला फोडणी द्यायची हुती का?"

मग म्हणाला, मॅगझिनची स्प्रिंग थकलीय, गोळी वर ढकलत न्हाई, मागची स्प्रिंगबी ढिली, आन् रिकामं काडतूस ओढणारी आकडी झिजलीय. रामहरी म्हणाले, बदल, पण कोणता भाग का बदलला ते लिहून दे. कागद असलेला बरा. हनुमंतानं लिहून दिलं. नव्या स्प्रिंगा, नवी आकडी, पिस्तुलाचंच तेल, तेही दोन थेंब. क्लबात सरावाला पंचवीस गोळ्या झाडल्या, एक अडकली नाही. बन्सी त्या दिवशी चहा न घेताच गेला.

इथं थांबायचं ना? तुम्ही थांबला असता, मी थांबलो असतो. पण चौतीस वर्षांची नोकरी! आंघोळ करता करता रामहरींना शंका आली, शस्त्राचे भाग बदलले, कार्यालयाला कुठं ठाऊक आहे? हनुमंत म्हणाला, स्प्रिंगला परवानगी लागत न्हाई, नळी बदलली असती तर गोष्ट येगळी. चांगुणाबाई म्हणाल्या, अहो, कुणी विचारलंय का? नाही विचारलं. पण कागद असलेला बरा! बसले आणि साडेतीन पानी अर्ज लिहिला, 'कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत', सहपत्रं सात, त्यात खरवडलेल्या तेलाचा फोटोसुद्धा. आणि उभं राहून आवक क्रमांक टाकून घेतला.

परवाना शाखेत त्यांच्या जुन्या टेबलावर पूजा, नवी मुलगी, हुशार. तिनं साडेतीनही पानं वाचली. "काका, दुरुस्ती असेल तर मंजुरी लागत नाही. बदल असेल तर आधी लागते. तुम्ही नंतर मागताय, म्हणजे नक्की केलंय काय?"

रामहरी म्हणाले, दुरुस्तीच, फक्त नोंद राहावी. ती म्हणाली, नोंद घ्यायची तर निर्णय लागेल, आणि निर्णय होईपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा.

"हे कुठून काढलंस?"

"तुमच्याच जुन्या टिपणीतून, काका. खाली सही आहे तुमची."

टिपणी त्यांनी दोनदा वाचली. चूक काढायला जागा नव्हती. खरं सांगायचं तर त्यांना जरा अभिमानच वाटला. तरी विचारलं, अर्ज मागे घेतला तर? ती म्हणाली, त्यालाही अर्ज लागेल, आणि तो याच फाईलला लागेल. असो... कागद असलेला बरा.

सव्वीस जानेवारी झाली. ढाल बन्सीनं नेली. रामहरी खुर्चीवर ताठ बसून होते, पिस्तूल कसं आहे विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "एकदम बिनचूक."

पिस्तूल ठाण्याच्या कपाटात आहे. अर्ज विचाराधीन आहे.