राशनच्या दुकानातली युक्ती

इंग्रजी येत न्हाई तर एकटी अमेरिकेला कशी पोचलीस, असं विचारता ना? ऐका मग.

लेकीचे दिवस भरत आलते. तिच्या गावाला जायला मधी विमान बदलायचं, आन् पासपोर्टची तपासणी त्या मधल्याच विमानतळावर. पुढचं विमान सुटायला जेमतेम तास उरलेला.

साहेबानं काचेवर बोटं ठेवायला लावली. मशीन घेईचना. ऊस तोडून तोडून बोटाच्या रेघा राहिल्यात कुठं? साहेब काय बोलतोय तेही कळंना. मागं हैदराबादचा एक टोपीवाला उभा होता, त्याला साहेबानं मला समजावायला बोलावलं.

तो म्हणाला, "अम्मा, मशीन तुम्हारी उंगली नै ले री. बाजू के कमरे में बैठो बोल रा."

"बसायला आले का मी? लेक बाळंत व्हायची तिकडं!"

आमच्या गावाला, चौसाळ्यात, राशनच्या दुकानात अंगठा उठला न्हाई की आमी जे करतो, तेच केलं. पदर मागं सारला, तेलकट केसांत बोटं घासली आन् काचेवर दाबली. लागला हिरवा दिवा! साहेबानं हसत शिक्का मारला.

पुढचं विमान तो हैदराबादवालाच दाखवणार होता, म्हणून मी थांबले. तर त्याचीबी बोटं उठंनात. साहेबानं आपणहून त्याला डोक्याकडं खुणावलं. त्यानं टोपी काढली, तर निव्वळ टक्कल.

मी पदर सारून डोकं पुढं केलं. म्हणलं, "घास भैया, पण जल्दी कर. माझं विमान सुटतंय."