मिलर्सचा शेवटचा गडी

(नेब्रास्कातलं ड्राय फोर्ड गाव, १९९१. मिलर्स या बेसबॉल संघाच्या जुन्या मैदानावर लावायचा फलक वाचनालयातली वर्ना लिहितेय. एमिल संघाचा गोलंदाज होता. लेलँड त्याचे चेंडू झेलायचा.)

वर्ना : मग 'हात दुखावल्यामुळे हरलो' असंच लिहू ना, एमिलकाका?

लेलँड : लिही. पुढं कंसात 'थापा' असंही लिही.

एमिल : तू गप तुझा कोलाचे पाव खा.

लेलँड : खातोयच की. अगं, त्रेपन्न सालचा शेवटचा सामना. सहा धावांनी आम्ही पुढं. एक गडी बाद झाला की जिंकलो! आणि या पठ्ठ्यानं काय करावं? चार चेंडू वाकडे, की नियमानं फलंदाज फुकटात पुढच्या तळावर. परत चार वाकडे, परत एक पुढं. ओळीनं दहा जण! वरात काढली नुसती. तिघांत तिन्ही तळ भरले, मग येईल त्या प्रत्येकामागं एक जण घरी, एक धाव. सात धावा दान!

वर्ना : प्रेक्षक किती होते?

एमिल : चारशे.

लेलँड : एकतीस. बाकीचे घरी टीव्हीसमोर.

एमिल : हात दुखत होता माझा.

लेलँड : त्याच हातानं संध्याकाळी माझ्या थोबाडीत मारलीस.

एमिल : तू मला 'विकला गेलास' म्हणालास!

लेलँड : सगळं गावच म्हणत होतं. न्हावी तर वर्षभर याला खुर्चीत बसू देईना. आम्ही बारा वर्षं एकमेकांशी बोललो नाही, वर्ना.

वर्ना : काका, खरं सांगा ना. फलकावर नाही लिहिणार.

एमिल : ...शेवटच्या डावाआधी मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, संघ आजपासून बंद. कुणाला बोलू नकोस.

लेलँड : हे मला कधी सांगितलं नाहीस!

एमिल : बोलू नकोस म्हणाला होता ना.

लेलँड : अरे, तो मरून वीस वर्षं झाली!

एमिल : तो गडी बाद झाला की सगळंच संपणार, एवढंच डोक्यात. समोर तू उकिडवा बसलेला, हातमोजा पुढं केलेला. म्हटलं, अजून एक चेंडू. मग अजून एक.

वर्ना : मग थांबलात कसे?

एमिल : थांबलो कुठं? अकरावा फलंदाजच फुकटात जायला कंटाळला. वाकड्या चेंडूलाच बॅट घातली. चेंडू सरळ वर, आणि यानं झेल घेतला.

लेलँड : पुढं आमची शेवटची पाळी आली, तर आमच्या फलंदाजांनी काही दिवे लावले नाहीत. एका धावेनं हरलो... एमिल, मला सांगितलं असतंस, तर तो झेल मी सोडला असता रे.

एमिल : बरं झालं नाही सांगितलं. गावानं मग तुलाही सोडलं नसतं.