तवनाप्पाचे हातमोजे

हॅलो? … व्हय बाई, सातारा. तवनाप्पाच बोलतोय, कृष्णातरावांच्या दुकानातनं. सांगलीचा फोन? जोडा की…

हॅलो? कोण, अव्वा? … डॉक्टरांच्या घरनं बोलतीस? आप्पा बरं हायत न्हवं? … मग आई असून ट्रंककॉल करून घाबरवतीस कशाला गं? काळजाचं पाणी झालं माझ्या…

काय? … भाऊसोनं सांगितलं? काल हितं दुकानात माझ्यासंगं हुता, सकाळच्या मोटारीनं पोचला आणि पहिला तुझ्याकडंच आला व्हय! … न्हाई, हातमोजे अजून घेतले न्हाईत. म्होरं मांडून ठेवलेत नुसते… व्हय, चामड्याचेच. आतनं लोकर. लष्कराच्या लिलावातले, लय ऊब…

अगं ऐक ना… व्हय, व्हय, तुझा नेम ठावं हाय मला. चामडं घरात आलं की तू जेवणार न्हाईस… घरात न्हाई आणत, गोठ्यात ठेवतो… गोठ्यात गाई हायत, व्हय. बरं, गोठ्यात न्हाई.

लोकरीचे? बघितले की. वारं आरपार जातं… दोन घालू एकावर एक? मग फटफटीचा ब्रेक कसा दाबू? … आप्पांचा मफलर हाताला गुंडाळू? अव्वा!

तू ऐक. परवा पहाटं कोरेगावच्या अलीकडं बोटं नुसती लाकडं झाली. ब्रेकच दाबंना. म्होरं उसाची बैलगाडी, दोन हातांवर राहिली… न्हाई, लागलं न्हाई… बैलांनाबी न्हाई!

उद्या सातला विट्याला केरबा पाटलांच्या विहिरीवरचं इंजिन चालू करायचं हाय. साहेब म्हणालेत, परत उशीर झाला तर दुसरा मेकॅनिक बघतो. पहाटं चारला निघालो तरच पोचतो. आणि बोटं आखडली तर पाना काय दातानं धरू?

… पाप? अगं, चामडं चामडं काय करतीस! गाडीची सीट कशाची हाय? खंडेनवमीला तूच हळदकुंकू लावलंस तिला…

हॅलो? … अव्वा?

न्हाई, म्हंजे… मला काय म्हणायचं हुतं…

कोण, गुणमाला? अगं, अव्वा कुठाय? … खाली बसली? काय म्हणती? … पाणीसुदीक न्हाई? कवापत्तोर? … गाडी साताऱ्यातच सोडायची? आणि मी? … विट्याची पहिली मोटार नवाला सुटती गं! तू तरी समजाव तिला… तूबी उपाशी? … सासूच्या आधी कशी जेवणार, व्हय, ते खरं…

व्हय बाई, तीन मिनिटं झाली, कळलं. एवढं एकच… गुणमाला, तिला सांग, हातमोजे घेत न्हाई. उघड्या हातानं येतो… ते न्हाई? गाडीवर बसायचंच न्हाई? अगं पण नोकरी…

हॅलो? … हॅलो?

… न्हाई बाई, परत जोडू नका. कृष्णातराव, हे हातमोजे ठेवा परत.