आवाजवाला व्हिडिओ

(अहमदपूरजवळचं गाव. सिंधुची ओसरी. दारात तिची थोरली जाऊ गुणाबाई. कोपऱ्यात सिंधुचा नववीतला सर्वेश, हातात मोबाइल.)

सिंधु : न्हाई म्हणलं ना अक्का! परवा तेरवी झाली लेकराची, अन् तुम्ही हे काय मागून राहिल्या?

गुणाबाई : तुला न्हाई मागत. सर्वेश, माझ्या दयानंदाला मारलेला व्हिडिओ तुझ्या मोबाइलात हाय म्हणं. दाव.

सिंधु : ह्याच्याकडं कशाला आसंल? दयादादा, दयादादा करत मागं फिरायचं. सायकल त्यानंच शिकवली ह्याला.

सर्वेश : हाय की.

सिंधु : आरं मुडद्या!

सर्वेश : वर्गात समद्यांकडं हाय. मारणाऱ्या पोरांनीच टाकला.

सिंधु : अन् तू बघितलास?

सर्वेश : जेवताना बघत होतो की. तूच वाढत होतीस.

सिंधु : मला काय ठावं? मला वाटलं शिनेमातली मारामारी. घरात गप बसतंय म्हणून दिला रं मोबाइल...

गुणाबाई : तुमचं मायलेकाचं मागून बघा. आख्ख्या गावानं माझं लेकरू मरताना बघितलं. शेवटाला त्यानं काहीतरी म्हणलं, असं किराणा दुकानात बाया बोलत होत्या. मला बघून गप झाल्या. मला मार बघायचा न्हाई रं बाबा, डोळे मिटून घेते. नुसतं ऐकव.

सिंधु : अक्का, पाया पडते तुमच्या. झेपायचं न्हाई.

गुणाबाई : रोज लातूरहून फोन यायचा त्याचा. 'माय, जेवलीस का?' म्हणायचा. म्या कधी टेप करून ठेवलं न्हाई. आता त्याचा आवाजच आठवंना मला, सिंधु. एवढ्यातच. जीव घाबरून राहिला माझा.

सर्वेश : पण ह्यात आवाज न्हाई, मोठीमाय. वर गाणं हाय.

गुणाबाई : गाणं?

सर्वेश : हलगीचं. म्या लावलं. नुसता टाकला तर कुणी बघंना. गाण्यावर लई चालला.

सिंधु : वैरी जन्माला घातला गं बाई मी! आन ते इकडं, चुलीतच घालते!

गुणाबाई : थांब, मारू नगंस त्याला. आवाजवाला कुठं हाय रं?

सर्वेश : काढून टाकला. गेम घ्यायचा होता, जागा नव्हती.

गुणाबाई : कुणाकडंतरी आसंल.

सर्वेश : पोलिसांच्या भ्यानं समद्यांनी काढला. आता गाणंवालाच फिरतोय.

गुणाबाई : बरं. बरं. तू तर ऐकलास न्हवं? मग तूच सांग, सोन्या. काय म्हणला माझा दया?

सर्वेश : आधी शिव्या दिल्या. मग 'सोडा, मोबाइलवरचं स्टेटस काढतो' म्हणला. मग पडला. पडल्यावर बोअर हाय, पुढं ढकलायचो मी.

गुणाबाई : आठव रं. एकदा तरी ऐकलं असशील.

सर्वेश : हां... 'माय' म्हणला. 'माय, माय' असं.

गुणाबाई : ऐकलंस, सिंधु? मला हाक मारली त्यानं! एवढ्या मारात मीच होते त्याच्या तोंडात. माझं लेकरू गं...

सर्वेश : तसं काय न्हाई, मोठीमाय. मार खाताना समदेच म्हणतात. दुसऱ्यांचे हायत माझ्याकडं, आवाजवाले. ऐकवू?