पहिला बेंड, सर्वानुमते

…तर तुम्हीच सांगा, नऊ माणसांना एका कुंपणाशी उभं करणं, यात अवघड काय आहे? मलाही वाटलं होतं काही नाही. काही म्हणजे काही नाही!

गेल्या रविवारचं सांगतेय. आमची अन्वी, माझी धाकटी बहीण, जन्मली-वाढली इंग्लंडात, बेसिंगस्टोकमध्ये, वय एकोणीस, आणि मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवते. जुनी हॅचबॅक, काचा काढलेल्या, आत लोखंडी पिंजरा, बाहेरून हळदीसारखी पिवळीधम्मक. आयुष्यातल्या पहिल्या तीन शर्यती, एकाच दुपारी. आई चार महिने नाही म्हणत होती, पाचव्या महिन्यात म्हणाली, बरं, येते, पण बघणार नाही. आणि अन्वीनं हेल्मेट चढवता चढवता मला बाजूला ओढलं. "ताई, कुठे पण बसा, पण एक जागामध्ये बसा. मला आई दिसला पाहिजे. मग भीती नाही वाटणार."

बस. एवढंच मागणं पोरीचं.

आता तुम्हाला सांगते, मी शिकले साताऱ्याच्या डोंगरातल्या निवासी शाळेत. बाराव्या वर्षी गेले, मग तिथेच शिकवायला राहिले, यंदा इथे परत आले. तिथे भेंडी करायची की दोडका, हेसुद्धा सगळी शाळा गोल बसून ठरवायची, शेवटचं पोर हो म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही. दुपारचं जेवण कधीकधी संध्याकाळी व्हायचं, पण अन्याय? कुणावर नाही! माझा जीव आहे हो त्या पद्धतीवर. म्हणून म्हटलं, जागा सर्वानुमते ठरवू.

मोहनमामा घरच्या पाच जणांना घेऊन लंडनच्या पिनरहून आले होते, ऊन कितीला कुठून येईल ते कागदावर काढून. त्यांना स्टँडची सगळ्यात वरची रांग हवी. आईला टॉयलेटजवळची, छप्पर असलेली. आणि मामांच्या ऑफिसातला अवधूत, नागपूरचा, इथे येऊन दीड वर्ष झालंय, तो पहिल्या बेंडजवळ, म्हणजे ट्रॅकच्या पहिल्या वळणाशी, कुंपणाला चिकटून उभा राहिला, हात पसरून. इतकी मोक्याची जागा अन् रिकामी? या लोकांना काही समजतच नाही, म्हणे, आणि सतरंजी अंथरलीसुद्धा. बरेच मागे, गॉगल लावून फ्लास्कमधला चहा पिणारे एक आजोबा म्हणाले, "आय वुडन्ट, लव्ह." मी त्यांचंही मत मोजायला गेले, तर ते नुसते हसले.

अर्ध्या तासानं ठरलं. पहिला बेंड, सर्वानुमते.

हिरवा झेंडा पडला, आणि… तुम्हाला सांगते, त्या गाड्या बेंडवर वळत नाहीत, आडव्या होऊन घसरतात! आणि घसरताना अख्ख्या ट्रॅकचा लाल चुरा उचलून कुंपणावर फेकतात. चिवडा लाल, मामा लाल, मामांचा कागद लाल. आम्ही सगळे सतरंजीखाली. अन्वीनं हात केला. कुणाला? सतरंजीला!

मग पुन्हा गोल. लगेच. लाल चुरा झटकत. मी म्हटलं, घाई नको, सर्वानुमते. दुसऱ्या शर्यतीला गेलो मामांच्या वरच्या रांगेत, तिथून गाडी दिसत होती हळदीच्या चिमटीएवढी, आणि आई? आई टॉयलेटच्या रांगेत. अन्वीनं मान वळवून वळवून बघितलं, तेवढ्यात मागच्यानं तिला ठोकलं, गाडी गोल फिरली, थांबली. चालू झाली परत, पण शेवटची आली.

तिसऱ्याच्या आधी चहाच्या टपरीशी आम्ही तिसऱ्यांदा गोल उभे. अवधूत म्हणतोय पिट्सकडे, गाड्या दुरुस्त करतात तिथे, मामा म्हणतायत ऊन आता पश्चिमेला… आणि आईनं पर्स माझ्या हातात दिली, चकल्यांच्या डब्याचं स्टीलचं झाकण उचललं, आणि निघाली.

"आई, अजून ठरलं नाहीये."

"तुमचं चालू द्या," म्हणाली, "मी माझ्या मुलीला बघायला जाते."

सरळ पहिला बेंड. कुंपणाला धरून उभी. लाल चुरा अंगावर घेतेय आणि झाकण हलवतेय, उन्हात नुसतं लखलखतंय ते! पहिल्या लॅपला पिवळ्या गाडीतून एक हात बाहेर आला… आणि आम्ही धावलो हो, आठच्या आठ, मत न देता, मामासुद्धा!

अन्वी सातवी आली. नऊ गाड्यांत सातवी! हेल्मेट काढलं आणि लालभडक आईला मिठी मारून रडत-हसत म्हणाली, "ताई, तू किती लोक आणला! सतरंजीवाले वेगळे, वरती वेगळे, मग ते लाल तोंडवाले… टोटल पंचवीस तरी होते ना?"

आम्ही नऊ जणांनी एकमेकांकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगते, तिला खरं सांगायचं नाही हे एका सेकंदात ठरलं. सर्वानुमते!

आता पुढची शर्यत जूनमध्ये. ती म्हणते, त्या पंचवीसच्या पंचवीस जणांना घेऊन ये. मी उरलेले सोळा गोळा करतेय… आणि त्यांना विचारायचंय, कुठे उभं राहायचं ते.