देल्मासांची वही

रफिक : मामू, माझं ऐका. शर्ट द्या, सलाम करा, चहा पाजा, खलास. वही कशाला काढताय पेटीतून?

यूनुस : वही नको? अरे, त्याच्या घरची माणसं आहेत तीत. आपल्याकडे पाहुणा आला तर त्याच्या काका-मामांची खुशाली आपण विचारत नाही?

रफिक : साहेब देल्मास असला म्हणून काय? फ्रान्समध्ये त्या आडनावाची माणसं ढिगाने असतील. सगळी एकमेकांची कोणी लागत नसतात.

यूनुस : वा रे! आपल्या बाणकोटात हमदुले म्हटलं की एकच मोहल्ला, एकच कबरस्तान. इथे दुबईच्या खाडीवर कोणी हमदुले भेटला तर त्याच्या बापाचं नाव मी न विचारता सांगतो. आडनाव काय बाजारात मिळतं?

रफिक : आपलं वेगळं.

यूनुस : काय वेगळं? एक सायकलच्या शर्यतीत अख्ख्या मुलखात पहिला. एक बाई समुद्रातलं शेवाळ शोधून त्याला नावं देणारी. एक दीपगृहावरचा, वादळात होडी घालून सतरा माणसं काढली त्याने. तूच वाचून दाखवलंस ना? इतकी मोठी माणसं एका आडनावात उगाच निपजतात? खाण तशी माती, बाबा.

रफिक : दाखवलं वाचून. पण ती मासिकं आमच्या ऑफिसातली रद्दी. साहेबाला कळलं की मी ऑफिसचे पेपर कापून तुम्हाला आणून देतो, तर...

यूनुस : रद्दीसाठी कोणी नोकरीवरून काढत नाही. खरं सांग, तुला कसली धाकधूक आहे?

रफिक : कसली नाही. साहेब बिझी माणूस आहे, एवढंच. दोन महिने झाले त्याला सर्व्हेच्या कामावर येऊन, माझ्याशी चार शब्द बोलला नाही. सगळं कागदावर. त्याच्यापुढे पोरासोरांसारखी चित्रं काय दाखवायची? झाकली मूठ सव्वा लाखाची, मामू.

यूनुस : तुमच्या फाटकाशी तीन दिवस उभा राहिलो तेव्हा मला हो म्हणालाच ना तो? परवाच्या आगबोटीने मी घरी चाललो. कायमचा. तेरा वर्षं दुसऱ्याची अमानत उराशी धरून बसलोय. तुझ्या हव्वाबीमामीने पत्रात काय लिहिलंय, तूच वाचलंस.

रफिक : "ज्याचा शर्ट त्याला देऊन या. दुसऱ्याचं घेऊन माझा उंबरा ओलांडू नका."

यूनुस : मग? त्याला नाही तर त्याच्या घरच्याला. आज दिला नाही तर मेल्यावर अल्लाला काय तोंड दाखवू? ऊठ, आला बघ साहेब. वाकून ये म्हणावं, दार बुटकं आहे.

(देल्मास साहेब आत येतात. साहेब आणि रफिक इंग्रजीत बोलतात. यूनुसमामूंना ती भाषा येत नाही.)

देल्मास : गुड आफ्टरनून. माझ्याकडे वीस मिनिटं आहेत.

यूनुस : सलाम, साहेब, सलाम! बसा, गादीवर बसा. रफिक, सांग त्याला, माझ्या घरी आज ईद आहे.

रफिक : हे म्हणतात, तुम्ही आलात म्हणून फार आनंद झाला. साहेब, मी आता हसत हसत बोलणार आहे, तुम्हीही कृपा करून हसऱ्या चेहऱ्याने ऐका. माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे.

देल्मास : ऑफिसात?

रफिक : इथे. ती वही आहे ना त्यांच्या मांडीवर, तीत देल्मास नावाच्या मोठ्या माणसांचे फोटो आहेत. सात वर्षांपूर्वी मी शर्टावरचं नाव वाचून दिलं, तेव्हापासून ते विचारत राहिले की मासिकात कोणी देल्मास आला का. तीन मिळाले. खरे. मग एकही मिळेना, आणि हे दर जुम्याला नमाजनंतर माझी वाट बघत बसायचे. मग मी... दुसऱ्यांचे फोटो कापून आणले. म्हटलं, हाही देल्मास.

यूनुस : काय म्हणतो साहेब? बराच वेळ बोलताय.

रफिक : म्हणतात, खोलीत वारा छान येतो.

यूनुस : येतोच. खाडीचा वारा आहे. चहा ओततो, थांब.

देल्मास : किती फोटो खोटे?

रफिक : पाच. खाली खरी नावं छापलेली आहेत. मामूंना वाचता येत नाही, पण तुम्हाला येतं. आता ते एकेक पान उघडून तुम्हाला विचारतील. साहेब, फक्त हो म्हणा.

देल्मास : रफिक, मी सर्व्हेअर आहे. जे नाही ते मी नकाशावर मांडत नाही. एक खडक चुकीच्या जागी मांडला तरी जहाज बुडतं.

रफिक : इथे जहाज नाही, साहेब. एक म्हातारा तांडेल आहे, आणि परवा तो जाणार आहे.

देल्मास : तेवढ्यासाठी तर खरं सांगायला हवं. मी त्यांचा अपमान करणार नाही. पण खोटंही बोलणार नाही.

यूनुस : घ्या, साहेब, चहा. साखर जास्त घातलीय, पाहुण्याला कमी घालत नाहीत. रफिक, तुझा चेहरा का उतरला? बरं, आधी शर्ट. हा बघा, साहेब. तेरा वर्षांत दोनदाच घातला, दोन्ही वेळा ईदला. पण दर उन्हाळ्यात धुतला, सावलीत वाळवला. कॉलरच्या आत बघा.

देल्मास : ही पट्टी... लाल धाग्याने विणलेली. रफिक, ह्यांना विचार, ही ह्यांनी तर शिवली नाही ना?

रफिक : साहेब विचारतात, नावाची पट्टी तुम्ही शिवलीत?

यूनुस : मी? मला शीड शिवता येतं, इतकं बारीक काम नाही. शर्ट आला तेव्हापासून आहे ती.

देल्मास : माझी आई अशाच पट्ट्या शिवायची. वसतिगृहात गेलो तेव्हा, नंतर नौदलात गेलो तेव्हाही. मोज्यांवरसुद्धा. म्हणायची, हरवलास तरी कोणाचा आहेस ते लोकांना कळेल. ...हा शर्ट ह्यांच्याकडे कसा आला?

रफिक : मामू, ती गोष्ट सांगा.

यूनुस : चोपन्न साल, साहेब. दास बेटाच्या पलीकडे एक फ्रेंच जहाज उभं होतं, पाणबुडे घेऊन. समुद्राच्या तळाचे दगड वर काढायचे ते. आमच्या गलबतातून आम्ही त्यांना गोडं पाणी पोचवलं. मग शेजारीच नांगर टाकायची वेळ आली आणि दोर माझ्या पायात अडकला. नांगर खाली, त्याच्याबरोबर मी खाली. सांग त्याला.

रफिक : सांगतोय. सांगतोय, मामू.

यूनुस : आमची बारा माणसं वर उभी. कोणी अल्लाला हाक मारतो, कोणी मला. वाईट नव्हती ती माणसं, पण विचार करत होती. दोर ओढावा की सोडावा? समोरच्या जहाजाच्या कठड्यावर एकजण बसून पाव खात होता. त्याने विचार केला नाही. पाव टाकला आणि उडी मारली. बूटसुद्धा काढले नाहीत.

देल्मास : बुटांसकट?

यूनुस : हे कळलं वाटतं त्याला! हां, बुटांसकट. सुरीने दोर कापला आणि मला मानेला धरून वर, त्यांच्या जहाजावर आणलं. मी लाकडासारखा ताठ, दात वाजतायत. तो खाली गेला, स्वतःचा कोरडा शर्ट आणला, मला घातला आणि बटणंही त्यानेच लावली, आई लावते तशी. त्याच संध्याकाळी त्यांचं जहाज निघून गेलं. मला त्याचं नाव माहीत नाही, त्याला माझं. त्यानंतर माझ्या तीन मुली मोठ्या झाल्या, साहेब. साजिदाचं लग्न झालं, तिला मूल झालं. हे सगळं त्या एका माणसाचं देणं. मी फक्त शर्ट परत करतोय.

रफिक : साहेब, शेवटचं वाक्य मला नीट ट्रान्सलेट करता येणार नाही.

देल्मास : करू नकोस. मला समजलं.

यूनुस : आता वही. ही बघा, ही पहिली बाई. शेवाळवाली.

देल्मास : देल्मास. हो. खाली लिहिलं आहे, तिने अकरा जातींचं शेवाळ शोधलं.

रफिक : हो म्हणतात. अकरा जाती.

यूनुस : अकरा! तू मला नऊ सांगितल्यास. बघ, रफिक, घरच्या माणसाला नेमकं माहीत असतं. आणि हा? सायकलवाला?

रफिक : मामू, साहेबांची वीस मिनिटं झाली असतील...

यूनुस : थांब रे. हा, साहेब? हा कोण?

देल्मास : देल्मास! अर्थात, हाही देल्मास. रफिक, ह्यांना सांग, हा माझ्या आजोबांच्या चुलत भावाचा मुलगा. अतिशय तापट. एकदा शर्यत जिंकून घरी आला आणि बायको म्हणाली, उशीर झाला. तर तीच सायकल त्याने विहिरीत टाकली.

रफिक : साहेब?

देल्मास : ट्रान्सलेट कर. विहिरीत.

रफिक : मामू... म्हणतात, हा त्यांच्या आजोबांचा पुतण्या लागतो. रागीट होता. बायको बोलली म्हणून सायकल विहिरीत टाकली.

यूनुस : या अल्ला! ऐकलंस? पुतण्या! आणि म्हणे कोणी कोणाचं लागत नाही. हा दीपगृहवाला? वादळात सतरा माणसं काढणारा?

देल्मास : हा देल्मास आमच्या घरातला सगळ्यात मोठा माणूस. सतरा लोक वाचवले म्हणतोस? सरकारने पदक दिलं, तर ते त्याने होडीच्या नाकावर ठोकलं. म्हणाला, काम हिने केलं.

रफिक : पदक होडीला दिलं त्याने, मामू.

यूनुस : द्यायलाच हवं. होडीवाला माणूस तो, त्याला कळतं. अल्ला त्याला सुखात ठेवो. आणि हा चष्मेवाला?

देल्मास : देल्मास. न्यायाधीश. ह्याला आम्ही सगळे घाबरायचो.

यूनुस : पुरे, पुरे. आता उरलेली मला बोटीवर बघायला राहू देत. रफिक, त्याला सांग, शर्ट स्वीकारा. मी तो तुमच्या घराण्याला परत करतोय.

रफिक : ते म्हणतात, देल्मास घराण्याची अमानत होती, ती तुम्ही घ्यावी.

देल्मास : सांग, देल्मास घराण्याला ती पोचली. सगळ्यांच्या वतीने. हे म्हणताना मी उभा राहतो, बसून म्हणण्यासारखं नाही ते.

यूनुस : उभा का राहिला? चालला?

रफिक : नाही. शर्ट पोचला म्हणतात, मामू. घरातल्या सगळ्यांच्या वतीने.

यूनुस : अलहम्दुलिल्ला. ...हात दे, साहेब. दोन्ही हात दे.

देल्मास : रफिक, सोमवारी आगबोट किती वाजता?

रफिक : सकाळी नऊला, साहेब.

देल्मास : मी येईन. आता निघतो. डोकं सांभाळून जायला हवं, दार बुटकं आहे.

यूनुस : खुदा हाफिज, साहेब! खुदा हाफिज! ...गेला. चांगला उंच आहे. तोही असाच उंच होता. रफिक, दार लोटून घे आणि इथे बस. ही वही उघड. सायकलवाला काढ. खाली काय लिहिलंय?

रफिक : देल्मास लिहिलंय. किती वेळा वाचून दाखवू?

यूनुस : सहा इंग्रजी अक्षरं असतात त्या नावात. पहिलं पोट पुढे काढून उभं असतं. चौथं दोन शिडांच्या गलबतासारखं. शेवटचं पाण्यातल्या सापासारखं वळलेलं. तेरा वर्षं तो शर्ट माझ्या हाताने धुतलाय, पोरा. मला वाचता येत नाही, पण ही सहा मी झोपेतसुद्धा ओळखेन. तुझ्या आठ फोटोंत ती तिघांच्याच खाली आहेत.

रफिक : मामू...

यूनुस : सायकलवाल्याच्या खाली तर पाचच आहेत.

रफिक : पहिल्यापासून माहीत होतं? आणि बोलला नाहीत?

यूनुस : काय बोलायचं? तुझी आई वारली त्या वर्षीची गोष्ट. तू खोलीत एकटा भिंतीकडे तोंड करून पडायचास. मग एका जुम्याला धावत आलास, म्हणालास, मामू, अजून एक मिळाला, सायकलवाला! किती दिवसांनी तुझ्या तोंडावर हसू होतं. नाव चुकीचं म्हटलं असतं तर लाजून यायचा बंद झाला असतास. आणि खरं सांगू? सांगायचास छान. दीपगृहवाल्याच्या वेळी मी रडलो होतो.

रफिक : मग आज साहेबापुढे वही कशाला काढलीत? त्याने खरं सांगितलं असतं तर? तो तसंच म्हणत होता मला, खोटं बोलणार नाही म्हणून.

यूनुस : तो तसं म्हणत होता ते मला कळलं. इंग्रजी येत नाही, पण चेहरा येतो. मला बघायचं होतं, हा त्याच घरचा आहे का. शर्ट काय कोणाच्याही हाती द्यायचा?

रफिक : आणि?

यूनुस : सायकलवाल्याचं पान उघडलं तेव्हा मी फोटोकडे बघत नव्हतो, त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो. नाव दुसरंच आहे हे त्याला दिसलं. मग म्हणाला, देल्मास. मध्ये किती वेळ घेतला त्याने?

रफिक : घेतलाच नाही.

यूनुस : बूट काढण्याइतकाही नाही. खाण तशी माती म्हणतो ते उगाच?

रफिक : मामू, मला माफ करा.

यूनुस : माफी कसली? उरलेला चहा पी, थंड होतोय. आणि कागद घे. हव्वाबीला पत्र टाकू. ते माझ्याआधी पोचणार नाही, पण पोचलं पाहिजे. लिही, शर्ट ज्याचा होता त्याच्या घरी पोचला.

रफिक : ज्याचा होता... त्याच्या घरी... पोचला. पुढे?

यूनुस : पुढे काही नको. आणि रफिक, हे एक वाक्य तरी मी सांगितलं तसंच राहू दे.